कोऱ्या पानावरची सही

आमच्या ग्रामपंचायतीचे शिपाईकाका नसते, तर आईचं घर आज माझं राहिलं नसतं. हे आधी सांगून टाकते. पुढं जे लिहिणार आहे त्यात राग लई आहे, आणि रागाच्या भरात मदत करणारा माणूस मागं राहतो. त्यांचं नाव लिहू का, असं मी फोनवर विचारलं होतं. म्हणाले, "नको माय, आधीच काय कमी गाजलंय का?" म्हणून नुसतं शिपाईकाका.

मी सहावीतून शाळा सोडली. परंड्याहून एक एसटी जाते त्या रस्त्यावर आमचं गाव आहे. वडील लवकर गेले आणि आईनं खव्याची भट्टी घातली. दूध आटायला लागलं की कढईपासून हलता येत नाही. उलथणं क्षणभर थांबलं की तळ लागतो आणि सगळी कढई करपते. आईला आणखी दोन हात पाहिजे होते, ते माझे निघाले. त्याचं मला वाईट वाटलं नाही. अक्षर मात्र माझं चांगलं होतं, अजून आहे. कुठंही सही करायची तर मी नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं लिहिते. अंगठा देणाऱ्या बायकांत मला त्याचा जरा तोराच होता.

लग्न झालं, गावातच दिलं होतं, आणि दोन वर्षांत आम्ही दोघं गुजरातेत वापीला आलो. नवरा कागदाच्या कारखान्यात, मी तिथल्याच कँटीनला चपात्या लाटायला. गावात आमच्या आळीत नऊ घरं. एकेक करत सात घरांना कुलूप लागलं. गावाकडं फोन लावला की पाऊसपाणी नंतर, आधी विचारायचं, "आता कुणाचं लागलं?" आई गेल्यावर मी एकुलती एक लेक म्हणून घर माझ्या नावावर झालं. घर कुणाचं ते दाखवणारा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कपड्यांच्या तळाशी ठेवला. मी मुळातच भित्री आहे. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून बघायची, नाव आहे ना म्हणून. नाव कागदावरून उडून जात नाही हे कळतं, तरी बघायची.

मग ती योजना आली. गावं ओस पडायला लागली म्हणून, जी माणसं परत येतील त्यांना गावात धंदा घालायला शेड मिळणार, प्रशिक्षण मिळणार. अट एवढीच की गावठाणात स्वतःची जागा पाहिजे, रहिवासी दाखला पाहिजे आणि अर्जाला ग्रामसभेचा ठराव पाहिजे. कँटीनमध्ये एकानं मोबाईलवर ते वाचून दाखवलं आणि माझा हात लाटण्यावर थांबला. घरी नवऱ्याला म्हटलं, "जाऊ या परत."

"तिकडं काय ठेवलंय?"

"आईची कढई ठेवलीय."

तो हसला. पण नाही म्हटला नाही.

योजना सरपंचानंही ऐकली होती. गावाला प्रशिक्षणाचं 'केंद्र' म्हणून एक मोठी इमारत मिळत होती. पुढं हॉल, मागं गोदाम, आणि गोदामात सरपंचाचंच दूध साठणार हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यासाठी गावाच्या मध्यात जागा पाहिजे होती. मध्यात आमची कुलपांची आळी.

आता आमच्याकडं ग्रामसभा कशी होते ते सांगते. सभेला कोरम लागतो, आणि कोरम भरायला गावात माणसंच नाहीत. म्हणून सह्या भैरोबाच्या यात्रेत घ्यायच्या. चैत्रात सगळे घरी येतात, कुलपं उघडतात, चुली पेटतात. तेव्हा शिपाईकाका प्रोसिडिंगची वही काखेत मारून घरोघर फिरतात. पानं कोरी. खाली सह्या आत्ता करायच्या, वरचा ठराव वर्षभरात लागेल तसा लिहायचा. कुणालाही यात काही वावगं वाटत नव्हतं. माझ्या वडिलांनी अशाच सह्या केल्या, आजोबांनी असेच अंगठे दिले. यात्रेचा नैवेद्य तसा हाही एक रिवाज.

त्या वर्षी काका आले तेव्हा मी पुरण वाटत होते.

"माय, तेवढी सही दे. कोरम भरायचाय."

"कशाची हो काका?"

"कशाची म्हंजी? वर्साची."

हात धुतले, पदराला पुसले आणि झोकात पूर्ण नाव लिहिलं. काका म्हणाले, "वा! पानाला शोभा आली." पुरणपोळी खाऊन गेले.

श्रावणात, कँटीनमध्ये दुपारच्या चपात्या चालू असताना त्यांचा फोन आला. "माय, तुज्या घराची मागची भिंत पाडली. जेसीबी आलाय. केंद्राचा पाया खांदायलेत." मला वाटलं चुकून पाडली असेल. संध्याकाळी त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला, अर्ध्या फोटोत त्यांचंच बोट आलेलं. स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेचा ठराव होता. कुलूपबंद घरांचे मालक कायमचे परगावी गेले आहेत, आणि त्यांनी आपल्या जागा केंद्रासाठी स्वखुशीनं दिल्या आहेत. त्याखाली माझी सही. स्वच्छ, सुंदर, आडनावासकट.

मी सरपंचाला फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"भाऊ, माझं घर पाडलंय तुम्ही."

"ताई, तुमचीच सही हाय की. अक्षर लई झ्याक हाय बगा."

"ती यात्रेतली आहे. पान कोरं होतं."

"असं म्हंता? आन हे सगळं कुणासाठी चाललंय? माणसं परत यावी म्हणूनच ना?"

"मीच येणार होते की परत!"

"लेकीबाळींनी कसं, चार दिस यावं, चोळीबांगडी घ्यावी, सुखानं जावं." पलीकडं कुणीतरी खीखी हसलं. हसणारा कोण ते मी आवाजावरून ओळखलं. त्याचंही मी मनात धरलंय.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. चपाती लाटताना मी सरपंच लाटत होते. त्याच्या दारात, अगदी उंबऱ्यासमोर भट्टी घालीन आणि सगळा धूर त्याच्या माडीत सोडीन, असं ठरवत होते. लोक म्हणतात सोडून द्यावं, मन हलकं होतं. मला हलकं व्हायचं नव्हतं.

कँटीनच्या ताईनं अर्ज लिहून दिला, मी तो तालुक्याला पाठवला, आणि सुनावणीची तारीख आली. मी एकटीच निघाले. कुर्डुवाडीला उतरले, तिथून एसटीनं परंडा. रस्ताभर पिशवी छातीशी. सुनावणी तालुक्याच्या कचेरीत. अधिकारी बाई होत्या, मध्ये वही उघडी. सरपंच पांढऱ्याशुभ्र कपड्यात, शेजारी ग्रामसेवक. शिपाईकाका वही आणायचं काम म्हणून दाराशी उभे.

सरपंचानं एकच प्रश्न टाकला. "मॅडम, ह्यांना विचारा, पंधरा ऑगस्टला ह्या सभेला होत्या का नव्हत्या?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. होते म्हणावं, तर सही माझी आणि जागा गेली. नव्हते म्हणावं, तर मी गावात राहतच नाही हे माझ्याच तोंडानं कबूल, म्हणजे त्याचा ठराव खरा. सहावीपर्यंत शिकलेल्या बाईला अडकवायला त्यानं काय खड्डा खणला होता! मॅडमनी दोनदा विचारलं. सरपंच माझ्याकडं बघत होता, आणि त्या बघण्यासाठी मी त्याला कधी माफ करणार नाही.

तेवढ्यात दाराकडून आवाज आला. "मॅडम, म्या सांगू का?"

ग्रामसेवक म्हणाला, "काका, तुम्ही गप बसा."

"गपच हाय की इतकी वर्सं." काका पुढं आले. "त्या दिशी सभेला म्या हुतो, हे ग्रामसेवक हुते आन दोन म्हाताऱ्या हुत्या. त्यातली येक झेंड्याच्या जिलबीला आल्ती. सह्या म्या घेतल्या. यात्रेत. पान कोरं हुतं."

"काका!" सरपंच म्हणाला. आवाज हळू होता. "नोकरीचा इचार करा."

काकांनी काखेतली दुसरी वही काढली. मयतांच्या नोंदीची. ती आणायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "ह्या पानावर ह्यो अंगठा बगा, मॅडम. ही आमच्या येशीजवळची म्हातारी. जेष्ठात वारली, ह्यात नोंद हाय. ऑगष्टात अंगठा द्यायला कुटून आली ती?"

मॅडमनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. दोन्हींतल्या तारखा बोट ठेवून वाचल्या.

ठराव रद्द झाला. केंद्राचं काम थांबलं. नमुना आठवर माझं नाव राहिलं. काकांना मात्र पुढच्याच मासिक सभेत कामावरून कमी केलं, कोऱ्या पानावर सह्या घेतल्या म्हणून! ज्याच्या सांगण्यावरून वर्षानुवर्षं घेतल्या त्या सरपंचाला काय? ताकीदपत्र. एक कागद. माझी भिंत पडली, काकांचं काम गेलं, आणि त्याला एक कागद, तोही त्यानं वाचला की नाही देव जाणे.

म्हणून यंदाच्या यात्रेला मी मुद्दाम तीन दिवस आधी गेले. वही घेऊन सरपंचाचाच एक माणूस आला. मी वही मागून घेतली, सही केली, आणि पुढं ठळक अक्षरात लिहिलं: तारीख, वार, भैरोबाची यात्रा, सही केली तेव्हा पान कोरे होते. शेजारची म्हातारी बघत होती.

"काय लिव्हलंस गं एवढं?"

मी सांगितलं. तिनं अंगठा दिला आणि म्हणाली, "माज्याम्होरं पन लिव्ह. तसंच." मग तिची सून आली, मग समोरची. सगळ्या आळीचं मी लिहिलं, बोटं दुखेपर्यंत. वरच्या आळीतल्या बायका आपणहून आल्या. त्या माणसाला वही सोडवून घेता येईना. एक आजी म्हणाली, "लिव्हू दे रं, तुजं काय जळतंय?"

सरपंच स्वतः आला. "ताई, वही खराब केली तुम्ही."

"कोरम भरला की, भाऊ. अक्षर कसं आहे?"

बायका हसल्या. त्याचा चेहरा असा झाला, असा झाला की मला वापीपर्यंत तेवढी शिदोरी पुरली.

हेही खरं सांगते. त्या पानांवर त्याला एकही ठराव लिहिता आला नाही, आणि शेडसाठी माझ्या अर्जालाही ग्रामसभेचा ठराव लागतो. तोही अडकला. नवरा म्हणाला, "आपल्याच पायावर धोंडा." असेल. यंदाही मी चपात्याच लाटतेय, मागच्या भिंतीच्या जागी ताडपत्री आहे, आणि पाऊस आला की मी इथं बसून घाबरते. पण त्याचं तोंड आठवलं की बरं वाटतं, आणि बरं वाटतं याची मला लाज वाटत नाही.

काका आता येडशीला लेकीकडं असतात. त्यांच्या घरालाही कुलूप लागलं. माणसं गावात परत आणायच्या योजनेत आमच्या गावातून गेलेला माणूस तो एकच, जो कधी जाणार नव्हता.

काका, माझं मत अजून गावातच आहे. आळीतल्या सगळ्यांचीच आहेत, मी एकेकाला फोन करून विचारलंय. निवडणूक लागली की सगळ्यांना एका टेम्पोत घालून आणते आणि त्याला खुर्चीवरून उतरवते. नवीन माणसं बसली की पहिलं काम तुम्हाला परत बोलवायचं. त्यांनी ऐकलं नाही तर माझी भट्टी आहे, आज ना उद्या पेटेलच, तिथं तुमची जागा माझ्या आधी. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी फेडणार. कधी ते सांगता येत नाही, पण फेडणार.