शाबूत पाते

१० ऑक्टोबर. खंजीर साफ करून ठेवायचा होता. नाईक नितीनच्या युनिटचे सुभेदार दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्मृतिकक्षासाठी न्यायला रेवदंड्याला माझ्याकडे येणार होते. नितीनची आई आणि धाकटा भाऊ संदीप तो घेऊन माणगावहून आले.

म्यानातून उपसला आणि माझे डोके फिरले. पात्याचे टोक शाबूत होते.

मी ऑर्डनन्समध्ये, म्हणजे सैन्याच्या शस्त्रपुरवठा विभागात, कॅप्टन होते आणि नितीन माझ्या हाताखाली नाईक. शस्त्राच्या भागांवरचे नंबर जुळतात का ते पाहणे हे माझे रोजचे काम. हा खंजीर नितीनच्या आजोबांचा, दुसऱ्या महायुद्धातला. तो जवळ बाळगायची नितीनला परवानगी नव्हती. मी पाहून न पाहिल्यासारखे करत असे.

एका दुपारी डोंगरात आमच्या कॉन्व्हॉयवर बर्फ कोसळला. एका ट्रकची केबिन चेपली, ड्रायव्हर आत अडकला. नितीनने दाराच्या फटीत खंजीर घालून जोर लावला. टोक मोडले, पण दार उघडले. तेवढ्यात रेडिओवर चौकीचा आवाज आला, "वरून आणखी येतंय. मागे व्हा." मी हुकूम दिला. नितीनने ड्रायव्हरला माझ्याकडे ढकलले. पुढच्या बर्फात तो गेला. सापडला तेव्हा टोक मोडलेला खंजीर हातातच होता.

आता मूठ तीच होती, पाते दुसरे. जुनेच, त्याच घडणीचे, पण मुठीपुढच्या आडपट्टीच्या खाचेत सैल. मुठीवरचा नंबर वेगळा, पात्यावरचा वेगळा. मुठीमागच्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे.

संदीपला विचारले. मुंबईच्या जुन्या बाजारातून तसलाच खंजीर आणून त्याने पाते बदलले होते. वर मलाच समजावू लागला.

"मॅडम, तिथं खंडेनवमीला पूजा होनार. खंडित वस्तू पूजेला ठेवतात व्हय?"

"मूळ पातं कुठाय?"

ते लाल फडक्यात गुंडाळून त्याच्या पिशवीत होते. परत जाताना पुलावरून खाडीत सोडणार होता. हा माणूस कंपनीत फिटर आहे. त्याला नट उघडता येतो, फोन करून विचारता येत नाही.

मी काही बोलण्याआधी आईच बोलली.

"उद्या माझं हाड मोडलं तर बाजारातून दुसरी आय आनशील."

मी संदीपलाच पाना दिला. त्याने पाते उतरवले, मोडलेले बसवले. खाचेत घट्ट बसले. नंबर जुळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार आले. पाते पाहून म्हणाले, वर्कशॉपमध्ये टोक करून घेऊ. मी नको म्हटले. खंजीर आईच्या हातून त्यांना दिला आणि पाटीवर काय लिहायचे ते सांगितले: नाईक नितीन. दार उघडले.