शिकतो की शिकवतो?

नारपोलीच्या ज्या कापडाच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळते, तिथे परदेशातून बिनधोट्याचे नवे चार लूम, म्हणजे यंत्रमाग, आले आणि त्यांच्या मागोमाग एक डच माणूस. बहिणीच्या नादाने मी सहा महिने जर्मनच्या क्लासला गेले होते, शेटना तेवढं पुरलं.

"पाहुण्याचं बोलणं चाचांना तुम्ही सांगायचं. तो जर्मनीच्या शेजारचाच आहे," असं म्हणून ते पडघ्याला लग्नाला निघून गेले.

चाचा म्हणजे आमचे जॉबर. चाळीस वर्षं लूम दुरुस्त करणारे. पाहुणा सुदैवाने इंग्रजी बोलत होता. चाचांशी हात मिळवून तो म्हणाला, "टुडे आय लर्न यू द लूम."

लर्न म्हणजे शिकणे. मी आत्मविश्वासाने सांगितलं, "चाचा, हे तुमच्याकडे लूम शिकायला आलेत."

चाचांचा चेहरा उजळला. "इतक्या लांबून? आमच्याकडे?" त्यांनी पाहुण्याला हाताला धरलं आणि नव्या मशीनच्या खोक्यांवरून नेऊन थेट सर्वांत जुन्या लूमपुढे उभं केलं. "बेटी, सांग त्याला, आधी गाठ."

पुढचे दोन दिवस त्या सहा फुटी इंजिनियरने तुटलेल्या धाग्याला गाठ मारली. ती सुटली की चाचा म्हणायचे, "फिरसे." मग आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची कांडी भरणं आलं. तेल घालणं आलं. त्याच्या पांढऱ्या शर्टाचं काय झालं ते सांगत नाही. तो मधूनमधून खोक्यांकडे बोट दाखवायचा. चाचा म्हणायचे, "घाई करतोय. अजून कच्चा आहे."

तिसऱ्या दिवशी शेट परतले. खोकी बंदच.

"मशीन का नाही लागलं?"

"याचं शिकणं कुठं संपलंय?" चाचा म्हणाले.

शेटनी पाहुण्याला विचारलं. पाहुणा म्हणाला, जुना लूम चालवता आल्याशिवाय इथे नव्याला हात लावू देत नाहीत, असं मला वाटलं. मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलवर शब्दकोश उघडला. डचमध्ये 'लेरेन' हे एकच क्रियापद शिकणे आणि शिकवणे दोन्हीसाठी चालतं. जर्मनने त्याचे दोन केले, 'लेर्नेन' आणि 'लेहरेन'. क्लासमध्ये ते पाठ करून मी विसरले होते. इंग्रजीतही 'लर्न' पूर्वी दोन्हीकडे चालायचं, आता शिकवण्यासाठी वापरलं तर चूक धरतात. सगळ्यांच्या मुळाशी एक जुना शब्द आहे, माग किंवा चाकोरी अशा अर्थाचा. कोणाच्या तरी मागावरून जाणं.

हे सगळं मी शेटना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "जेवून घ्या."

पाहुण्याने मात्र मनावर घेतलं नाही. दुपारी खोकी उघडली आणि चाचा चष्मा लावून त्याच्यापुढे बसले. मी तोंड उघडलं, तर चाचांनी हात वर केला. "बेटी, तू राहू दे. आम्ही खुणांनी बोलतो."

चार दिवसांत चारही लूम लागले. जाताना पाहुण्याने रिपोर्ट लिहून दिला. शेटनी त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "द जॉबर अँड आय लर्न्ड इच अदर. म्हणजे नक्की कोण कोणाकडे शिकलं?"

"दोन्ही अर्थ होतात, शेट," मी म्हणाले.

शेटनी सही केली.