मॅनेजरचे गुडघे आणि सतरा गाठोडी

एकतीस वर्षं चालवलेली लाँड्री कडककाकांनी एका सोमवारी बंद केली. घरोघरी मशिनं आली होती आणि काकूंचे हात साबणाने कायमचे पांढरे पडले होते. 'कडक' हे नाव आमच्या गल्लीनं दिलेलं. काका स्वतःच्या रुमालालासुद्धा खळ घालत. शिंक आली की आधी रुमालाची घडी मोडायला दोन्ही हात लागायचे.

लाँड्रीबरोबर घोडाही घरी बसला. त्याचं नाव मॅनेजर, कारण कपड्यांची गाडी कुठल्या दारासमोर किती वेळ थांबणार हे तोच ठरवायचा. वय चोवीस. काकांनी मागच्या शेडमध्ये जाड गवत पसरलं आणि त्याला म्हणाले, "खूप केलंस. आता हलायचं नाही."

मॅनेजरनं ते अक्षरशः ऐकलं. दोन महिन्यांत त्याचे पुढचे गुडघे धरले. उजवा तर भोपळ्यासारखा सुजला. पाणी प्यायला चार पावलं टाकायची तरी तो आधी बराच वेळ विचार करायचा.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, पण बोलायला सडेतोड. गुडघ्यावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "याला रिटायर कुणी केलं?"

"मी."

"त्याला विचारलं होतं?"

काका घोड्याच्या पायाखालचं गवत सारखं करू लागले.

"संधिवात आहे. जाणार नाही, सांभाळायचा. उभा ठेवलात की सांधे आणखी धरणार. रोज सकाळ-संध्याकाळ सपाट रस्त्यानं सावकाश चालवा. गाडीला जुंपायचं नाही. खुरं वेळच्या वेळी तासून घ्या, वजन वाढू देऊ नका. फार दुखेल त्या दिवशी ही पावडर."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दोरी धरून निघाले. फाटकातून बाहेर पडताच मॅनेजर सवयीनं डावीकडे वळला आणि पहिल्या घरासमोर थांबला. तिथं निवृत्त शिक्षिकाबाई राहतात. काकांनी ओढलं, चुचकारलं, मागून ढकललं. घोडा जागचा हलेना. अखेर बाई बाहेर आल्या.

"मी तर बोलावलं नव्हतं."

"काही धुवायचंय का?" काकांनी शरमेनं विचारलं.

"मशीन आहे की हो माझ्याकडे."

"असू दे. तरी द्या काहीतरी."

बाईंनी एक टेबलक्लॉथ आणून दिला. काकांनी तो मॅनेजरच्या पाठीवर टाकला. पाठीला कापड लागलं मात्र, घोडा चालू लागला. पुढच्या दारात पुन्हा तेच. अशी सतरा घरं. माझं सातवं. मी घाईघाईत अंगातला शर्ट काढून दिला.

घरी पोचल्यावर काकूंनी ढीग पाहिला. "अहो, हे काय?"

"औषध," काका म्हणाले.

काकूंनी कंबरेवर हात ठेवले. "गुडघे तुमच्या घोड्याचे, आणि धुणं माझ्या पदरात? जमणार नाही."

पण काकू मोठ्या युक्तीच्या. त्यांनी जुन्या चादरी फाडून सतरा गाठोडी बांधली, आत चिंध्या भरल्या आणि घरोघर एकेक वाटलं. सकाळी प्रत्येकानं आपलं गाठोडं घोड्याच्या पाठीवर ठेवायचं, काकांनी ते लगेच काढून हातगाडीत टाकायचं आणि संध्याकाळच्या फेरीत परत द्यायचं. आत धुण्यासारखं काही नाही. घोड्याचं समाधान, काकूंची सुटका.

आठवडाभर झकास चाललं. मग तक्रारी सुरू झाल्या.

"काका, काल आलेलं गाठोडं माझं नाही," विमा एजंट म्हणाला. "माझी गाठ डावीकडे असते."

शिक्षिकाबाई म्हणाल्या, "वेळेवर मिळत नाही. पूर्वी तुम्ही असे नव्हता."

"बाई, आत चिंध्या आहेत!"

"म्हणून काय झालं? सेवा ती सेवा."

हे मात्र काकांना लागलं. एकतीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्या दिवसापासून दुपारी बसून ते गाठोड्यांवरच्या कापडांना खळ घालून इस्त्री करू लागले.

तेराव्या घरात दातांचे डॉक्टर नवे आले होते. "माझा आणि घोड्याचा काय संबंध?" म्हणत त्यांनी गाठोडं घ्यायलाच नकार दिला. मॅनेजर दवाखान्याच्या खिडकीशी उभा राहिला. आत खुर्चीवर तोंड उघडून बसलेल्या पेशंटनं त्याला पाहिलं, त्यानं पेशंटला पाहिलं, आणि दोघांनीही नजर हटवली नाही. पाऊण तासानं डॉक्टर हातमोज्यांसकट बाहेर आले, अंगातला पांढरा कोट उतरवून घोड्याच्या पाठीवर टाकला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाठोडं मागून घेतलं.

महिनाभरानं डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. मॅनेजरची चाल सुधारली होती, पण पोटाभोवती टेप पुरेना.

"हा काय खातो?"

"नेहमीचंच. गवत," काका छातीवर हात ठेवून म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी फेरीबरोबर चालून पाहिलं. पहिल्या दारात साखर, दुसऱ्यात बिस्किटं, चौथ्यात अख्खं गाजर. मीही पाव द्यायचो, ते कबूल करतो. डॉक्टरीणबाई भर रस्त्यात उभ्या राहून आम्हां सतराही घरांना बोलल्या. "तुमचं प्रेम त्याच्या गुडघ्यांवर बसतंय!" आम्ही माना खाली घातल्या. खाऊ बंद झाला.

थंडीत मात्र दुखणं उलटलं. एका सकाळी मॅनेजरला उठताच येईना. गुडघा तापलेला. डॉक्टरीणबाईंनी पावडर वाढवली, गार पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या आणि चार दिवस फेरी बंद केली. घोड्याची मान मात्र फाटकाकडेच. वैरणीला तोंड लावेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका शेडमध्ये पट्टी बदलत होते. बाहेर कुजबुज ऐकू आली. पाहतात तर सतरा माणसं आपापली गाठोडी घेऊन घरांच्या क्रमानं रांगेत उभी. शिक्षिकाबाई सर्वांत पुढे. एजंटला मध्ये घुसायचं होतं. दातांच्या डॉक्टरांनी त्याची कॉलर धरून मागे नेलं. एकेकानं आत जाऊन मॅनेजरच्या पाठीला गाठोडं लावलं. त्यानं प्रत्येकाचा वास घेतला. सतरावं झाल्यावर गवताला तोंड लावलं. काका भिंतीकडे तोंड करून कडक रुमालाशी झटत राहिले.

सूज उतरली, पण आता लांब फेरी झेपणार नव्हती. कुठली घरं वगळायची यावर आमच्यात दोन बैठका आणि एक भांडण झालं. निकाल घोड्यानंच लावला. नवव्या घरापासून तो शांतपणे मागे वळला. एजंट चौदाव्या घरातला. तो आजही रोज सकाळी गाठोडं घेऊन नवव्या घराच्या पायरीवर येऊन बसतो.

मॅनेजर आता सव्वीसचा आहे. काही दिवस चांगले, काही लंगडे. गेल्या मंगळवारी काकांचीच कंबर धरली आणि दोरी काकूंनी घेतली. काका खिडकीतून पाहत राहिले. घोडा जाताना मागे वळून बघेल असं त्यांना वाटलं होतं. तो न बघता निघून गेला.

काकू परत आल्यावर त्यांनी विचारलं, "माझ्याशिवाय अडला का कुठे?"

"छे," काकू चपला काढत म्हणाल्या. "उलट दहा मिनिटं लवकर आलो. तुम्ही प्रत्येक दारात गप्पा मारत बसता, असं दिसतंय."