तीन वर्षं न दिसलेला निळा

“हे कॅटरॅक्ट आहे, म्हणजे मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. तुमचं तर पार तपकिरी झालंय,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी सुताचा एक तुकडा समोर धरला. “हा रंग कोणता?”

“काळा.”

“निळा आहे हा. तुम्ही काम काय करता?”

सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मी रंगमास्तर होतो. सुताला कुठला रंग किती, हे माझ्या शब्दावर ठरायचं. लागोपाठ दोन लॉट बिघडले म्हणून मालकांनीच मला डोळे दाखवायला धाडलं होतं. वय अठ्ठेचाळीस.

त्या खुर्चीत मला डोळ्यांची भीती वाटली नाही. नरसय्या आठवला.

हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. रंगखात्यात नियम असा की पिंपातून सुताची बट काढायची, पिळून वाळवायची आणि दारात, उजेडात नमुन्याशेजारी धरायची. मी ते सोडून दिलं होतं. वीस वर्षं त्याच छटा, नमुना डोळ्यातच बसलाय, अशी माझी ऐट. तीन वर्षांपूर्वी मोरपंखी रंग चालला होता आणि मला त्यात निळा कमी दिसत होता. “अजून निळा टाक,” मी म्हणालो.

माझ्या हाताखालचा नरसय्या थांबला. “मास्तर, लई झालं की. नमुना लावून बघा.”

“रंग मला शिकवतोस?”

त्याने टाकला. लॉट काळपट झाला, माल परत आला. मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, माप नरसय्यानं चुकवलं. त्याच दिवशी त्याला काढलं. तो माझ्याकडे बघत होता आणि मी पिंपाकडे.

डॉक्टरांनी समजावलं, “पिवळ्या-तपकिरी भिंगातून निळा आधी अडतो. हे इतकं हळू होतं की माणसाला डोळ्यांचा संशय येत नाही. जगच मळलंय असं वाटतं.”

अगदी तसंच झालं होतं. भर दुपारी मला धुरळ्यातली संध्याकाळ वाटायची. बायकोचं हिरवं लुगडं मातकट, पानातली भाजी मातकट. जेवणावरची वासना गेली, बोलणं तुटलं. धोतर पिवळट निघतं म्हणून मी बायकोवर खेकसायचो. ती नीळ वाढवत गेली. शेजारीण विचारायची, “काकू, शाईत धुता का हो?” मला वाटे, वय झालं, माणसं वाईट झाली. रंग गेले की मनही मळतं, हे मी भोगलंय. तुमच्या घरात कुणी असं उगाच कुढायला लागलं, तर आधी त्याचे डोळे तपासून आणा.

ऑपरेशन झालं. त्या काळी पूर्ण भिंग काढायचे. नंतर सात दिवस उताणं पडायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, खोकायचंसुद्धा नाही. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. तिथं नरसय्याची आठवण टाळायला जागाच नव्हती.

पट्टी सुटली, वर जाड काचेचा चष्मा चढला. खिडकीत आभाळ होतं. मी ओरडलोच! इतका निळा? डॉक्टर हसले. “काही दिवस जरा जास्तच निळं दिसेल. आता अडवणारं काही राहिलं नाही.” स्टुलावर माझं धोतर होतं, चक्क आकाशी.

“हे नेसून मी बाजारात फिरलो?”

“तीन वर्षं,” बायको म्हणाली. “सांगत होते मी.” आम्ही दोघं इतके हसलो की नर्स धावत आली.

कामावर परतलो त्या सकाळी मी सगळ्या कामगारांसमोर मालकांना खरं सांगितलं. मालक म्हणाले, “जा, घेऊन या त्याला. मास्तर तो. तुम्ही त्याच्या हाताखाली. चालेल?”

“चालेल,” मी म्हणालो. इतक्या मोकळ्या छातीनं मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

नरसय्या त्याच्या घराच्या दारातच भेटला. त्यानं सगळं ऐकलं आणि उंबऱ्यावर बसला. “बायको रोज इचारायची, खरंच तुमीच चुकलाव का? शेवटी मला बी वाटाय लागलं, असंन, मीच चुकलो असंन.” मग आत वळून हाक मारली, “ए, बाहेर ये. मास्तर काय म्हणत्यात ऐक.”

ती विड्या वळत होती. मांडीवरचं सूप बाजूला ठेवून आली. मी हात जोडून पुन्हा सगळं सांगितलं. तिनं डोळे पुसले नाहीत, नुसती माझ्या जाड चष्म्याकडे बघत राहिली.

“अजून एकदा सांगा,” ती म्हणाली. “आमच्या सासूबाईस्नी कमी ऐकू येतं.”

मी पुन्हा सांगितलं, बेंबीच्या देठापासून. अख्ख्या गल्लीनं ऐकलं.