मोहाचे लाडू आणि झांबियाचा हत्ती

आफ्रिकेत अस्वलं नसतात, एवढीच एक खरी माहिती मी त्या खंडाबद्दल मिळवली, आणि तिनंच माझा घात केला.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. माझी धाकटी बहीण शांता. तिचा नवरा मुरलीधर आधी आमच्या नाकाडोंगरीकडच्या मँगनीजच्या खाणीत होता. तिथून तो थेट झांबियातल्या तांब्याच्या खाणीत नोकरीला गेला. (तोवर आमच्या गावातून सगळ्यात लांब गेलेला माणूस रायपूरला पोचला होता, आणि तोही तुमसरला उतरायच्या वेळी झोप लागली म्हणून!) तीनेक वर्षांनी त्यानं हौसेनं मायसाठी आणि माझ्यासाठी तिकिटं पाठवली. मी शाळामास्तर, उन्हाळ्याच्या सुट्या होत्याच, निघालो.

पण मायची एक रीत होती. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचा दाणा तोंडात घालायचा नाही. जुनी बायामाणसं आमच्याकडे हे कसोशीनं पाळत. शांताला तोवर मूलबाळ नव्हतं, म्हणून माय महिनाभराचा शिधा सोबत घेऊन निघाली. तांदूळ, जवसाची चटणी, मुरमुरे, आणि एका जाड कापडी पिशवीत मोहाचे लाडू. मोहफुलं भाजून, तीळ घालून, उखळात कुटून वळलेले. विमानतळावरच्या साहेबानं पिशवीत नाक घातलं आणि ती लगेच दोन्ही हातांनी परत केली.

मुरलीधरला ही रीत फार लागायची. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. सासूला एकदा तरी आपल्या घरी पोटभर जेवताना पाहावं, एवढीच त्याची हौस होती. रोज ताटावर बसताना तो म्हणायचा, "मामी, एक घास तरी घ्या ना." (सासूला आमच्याकडे मामीच म्हणतात.)

"घेईन ना बापू," माय म्हणायची, "नातू येऊ द्या. त्याच्या उष्ट्यातलं घेईन."

मग तो मान खाली घालून जेवायचा आणि माय दुसऱ्या कोपऱ्यात आपला वेगळा भात शिजवायची. मला दोघांचीही दया यायची, पण मध्ये पडायची माझी हिंमत नव्हती.

तरी त्यानं हौस सोडली नाही. शांताला आणि आम्हाला घेऊन तो लुआंग्वा नदीवर जनावरं पाहायला निघाला. तांदूळ घरीच ठेवून मायनं वाटेपुरती लाडवांची पिशवी तेवढी घेतली. दोन दिवस धूळ खात आम्ही नदीकाठच्या एका मुक्कामाला पोचलो. गवताच्या चारदोन झोपड्या, मधे चूल, समोर नदी. पाण्यात पाणघोडे पसरले होते. माय बराच वेळ पाहत राहिली.

"एवढ्या म्हशी पाण्यात बसल्या, अन् राखणदार कुठी आहे?"

"माय, त्या म्हशी नाही," शांता म्हणाली. "माणसाले चिरून टाकते ते."

"मंग तर राखणदार पायजेच ना," माय म्हणाली.

तिथला बंदूकवाला रखवालदार आला आणि त्यानं इंग्रजीत एकच नियम सांगितला. झोपडीत खायचं काहीही ठेवायचं नाही, सगळं स्वयंपाक्याच्या लोखंडी पेटीत द्यायचं. मुरलीधरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, मामीजवळ काही आहे का खायचं? असल तर देऊन टाका."

आता माझी अक्कल पाहा. पिशवी पेटीत दिली, की ती जावयाच्या शिध्यात मिसळली. मग माय त्यातलं खाणार नाही आणि उपाशी राहील. शिवाय मी जंगलाच्या कुशीतला माणूस! मोहावर काय येतं हे मला कोण शिकवणार? आमच्याकडे मोहावर येतं ते अस्वल. म्हणून मी रखवालदाराला माझ्या मास्तरी इंग्रजीत विचारलं, इथं अस्वलं आहेत का? तो पोट धरून हसला. म्हणाला, या अख्ख्या मुलखात एकही नाही.

झालं. मी छाती काढून मुरलीधरला सांगितलं, "मायजवळ काहीच नाही."

हत्तीचा विचार माझ्या मनाला शिवलाच नाही. भंडारा जिल्ह्यात तेव्हा हत्ती यायचा तो सर्कशीचा, आणि तो केळी खायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय झोपडीत बाजेवर बसून लाडू खात होती. मी दाराशी बसून तिला वन्यप्राण्यांपासून सावध कसं राहावं ते समजावत होतो. एकाएकी मागची भिंत हालली. मग भिंत राहिलीच नाही. तिच्या जागी हत्ती होता.

"माय, हालू नको," मी म्हणालो, आणि हालू नको म्हणता म्हणता मी स्वतः अंगणाच्या पार गेलो होतो. जवळचा आडोसा म्हणजे संडास. तीन बाजूंनी गवताच्या ताट्या, वर छप्पर नाही, समोर दार नाही. तिथं बसून मी सगळं पाहिलं. दिसू नये असं फार वाटत होतं, पण सगळं दिसत होतं.

मुरलीधर मायसाठी पाणी घेऊन येत होता. तो घागर टाकून आत शिरला, मायच्या पुढं उभा राहिला, एका हातानं तिला मागं धरलं आणि पाऊल पाऊल मागं सरकत तिला दाराकडं आणू लागला. हत्तीला दोघांशी काही घेणं नव्हतं. त्यानं सोंडेनं पिशवी उचलली. मायनं तशातही हात जोडले.

"घे रे देवा," ती म्हणाली. मग पिशवी तोंडाकडं जाताना पाहून, "एखादा ठेवजो बापा."

रखवालदारानं डबे बडवले, तेव्हा हत्ती पिशवीसकट निघून गेला. मग रखवालदारानं विचारलं, खायचं काही नाही असं कोणी सांगितलं होतं? मी नुकताच संडासातून बाहेर येत होतो. मुरलीधरनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, चूक माझीच, मी पाहायला हवं होतं. रखवालदार त्याला सगळ्यांदेखत घालूनपाडून बोलला आणि त्यानं ते ऐकून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मधे पडायचं सोडून मी माझ्या चपला शोधू लागलो.

आता मायच्या खाण्याचं काय? घर दोन दिवसांवर. तिचा शिधा हत्तीच्या पोटात. शांता रडायला लागली. मुरलीधर चुलीपाशी गेला, स्वतः वरणभात शिजवला आणि ताट मायपुढं ठेवून लांब जाऊन बसला. घ्या म्हणायचीही त्याला हिंमत होत नव्हती.

मायनं ताटाकडं पाहिलं, भात कालवला आणि घास घेतला. मग दुसरा घेतला. मुरलीधरनं तोंड नदीकडं फिरवलं.

तेवढ्यात मला शहाणपण सुचलं. "माय, अन् रीत?"

"रीत लेकीच्या घरची आहे," माय शांतपणे म्हणाली. "मी पोराच्या हातचं खाऊन राहिली. हत्ती आला तवा पुढं उभा राहिला तो माहा पोरगा."

"मंग मी कोण?"

जावयापुढं सासू ओढते तसा मायनं पदर कपाळावर ओढून घेतला. "तुमी जवाईबापू. बसा, पंगत व्हायची आहे."

मला वाटलं, थट्टा तिथंच संपली. पण नाकाडोंगरीला घरी पोचलो, तर माय माझ्याआधी आत गेली आणि पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन बाहेर आली. माझी बायको, दोन्ही पोरं आणि अर्धी गल्ली उभी होती. त्या सगळ्यांसमोर, पदर पुढं ओढून, तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं.

"या जवाईबापू. पाय धुवा."

मी पाय धुऊन घेतले. त्या अख्ख्या सफरीत माझ्या अंगातलं तेवढंच काय ते कामाला आलं होतं.