हंसांचा कमरपट्टा

मंडळी, आज रत्नागिरीत एका खोतांच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात शिलाहारांच्या काळातला चांदीचा कमरपट्टा होता, आकड्यावर हंसांची जोडी कोरलेली. जुने दागिने मी जन्मभर जमवत आलो, पण असा पट्टा कधी पाहिला नव्हता.

बोली चांदीच्या भावापर्यंत चढत गेली. तेवढे पैसे माझ्याजवळ नव्हते. पट्टा आमच्या आळीतल्या सोनाराने घेतला.

घरी आलो. माझा चेहरा बघून बायकोने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. "जावा, घेऊन या."

मी सोनाराकडे धावलो.

"मास्तर, उशीर केलात हो. आत्ताच वितळवला. पैंजणांची घाई होती."

मुशीतली चांदी अजून लखलखत होती. हंस कुठेच नव्हते.

मंडळी, आता काय म्हणून जमवायचं? आणि कुणासाठी?