सिनॅप्सची फट आणि गुलाब मिस्त्री

“फट बुजवली कावून रे?”

“आक्का, चाळीस वर्सं गिलावा करतोय. माझ्या हातून फट राहिली न्हाई, राहणार न्हाई!”

भांडण ऐन रंगात होतं. दुसऱ्या दिवशी वडवणीच्या शाळेत माझं भाषण. मेंदूतल्या दोन पेशी जिथं एकमेकींना निरोप देतात त्या जागेवर, म्हणजे सिनॅप्सवर. मॉडेल सिमेंटचं, केलं गुलाब मिस्त्रीनं. हा बोळापलीकडं एकटाच राहतो. रोज माझ्या खिडकीतून त्याच्या खिडकीत कालवणाची वाटी जाते. मॉडेलात इकडच्या पेशीचं फुगीर टोक, समोर दुसरीच्या फांदीवरचा काटा, मधे फट. ती फटच यानं लिंपून टाकली!

पुतण्याची डॉक्टरकीची जुनी पुस्तकं भिंगातून वाचायला लागल्यापासून माझ्या ओसरीवर असे तमाशे वाढतच चाललेत.

*

पहिलं मॉडेल कणकेचं होतं. त्या फुगीर टोकात रसायनाच्या बारीक पिशव्या असतात. त्यांच्या जागी लावायला साबुदाणा भिजत घातला आणि धाकट्या जावेला, कौसाला, राखणीला बसवलं. परत येते तर पिशव्या गायब!

“कौसे, पिशव्या कुटं गेल्या?”

“चतुर्थी हाय न्हवं आज? खिचडी केली. तुमालाबी ठिवलीय.”

*

हेडमास्तर बघायला आले. “आजी, तुम्ही चौथी शिकलेल्या. यातलं पाठ किती आणि कळलेलं किती?”

मी म्हणाले, “सर, तुम्ही एम.एस्सी. ना? मग सांगा, पिशवी फुटल्यावर रसायन पलीकडं जाऊन कशाला चिकटतं?”

सरांनी चहा मागितला!

चहा दिला, उत्तरही दिलं. पलीकडच्या पडद्यावर ग्राही असतात, त्यांना चिकटतं. जाताना मात्र बजावून गेले, “मॉडेलात एक चूक दिसली तरी भाषण रद्द!”

*

आणि गुलाब हटेना.

“जोडल्याबिगर निरोप जाईल कसा? मधीच पडंल की!”

मी पुस्तकातलं चित्र दाखवलं. तो म्हणे, “छापणाराची चूक हाय.”

भिंग हातात दिलं. “आक्का, तुमच्या भिंगालाच चीर गेलीय!”

इकडं सिमेंट वाळत चाललेलं.

मॉडेल शाळेत गेलं ते बोटभर फटीसकट. घंटा झाली तरी पोरी मला सोडीनात. आता जो तो विचारतो, मिस्त्रीनं छिन्नी उचलली कशी? चित्रानं पटलं नाही, भिंगानं पटलं नाही. मी खिडकीबाहेरच्या बोळाकडं बोट केलं आणि एवढंच म्हणाले,

“मग ह्यो बोळबी लिंपून टाक, आन् उद्यापासून कालवण कुटून येतंय ते बघ!”